गोळ्यांचा डबा आणि वर्गणीची शीट: कानांनी एक्सेल शिकताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा गणपतीचा हिशेब गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मला दिसत नाही. पहिल्या वर्षी माझं नाव ठरलं तेव्हा बैठकीतले एक काका कुजबुजले, "अरे, पण तो चोपडी लिहिणार कशी?" कुजबुज चांगली तीन माणसं ओलांडून माझ्यापर्यंत आली. चोपडी मी लिहीत नाहीच. लॅपटॉपवर एक्सेल उघडतो, स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचं वाचून दाखवतो, मी टाइप करतो, आणि विसर्जनानंतर दोन दिवसांत हिशेब फळ्यावर लागतो.

यंदा शेजारच्या वहिनींना शिकवायला घेतलं. मधुमेहाने त्यांची नजर गेली. त्याआधी बरीच वर्षं त्या रावपुऱ्यात एका दुकानाचा जमाखर्च लिहीत होत्या, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. भीती आहे ती "काहीतरी दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर?" याची. त्यांना ज्या क्रमाने शिकवलं त्याच क्रमाने हे लिहितो आहे. तुम्ही नवे असाल तर एका बैठकीत सगळं करू नका. आम्हाला चार संध्याकाळी लागल्या, त्यातली एक सेव-उसळ खाण्यात गेली.

बटणांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कारण ती कानाला तशीच ऐकू येतात. अधिकचं चिन्ह दिसलं की पहिलं बटण दाबून धरायचं आणि दुसरं एकदा टिचकी मारल्यासारखं दाबून सोडायचं.

लॅपटॉपशी ओळख

मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो फुकट आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो लिहायला घेतला. ते स्वतः अंध आहेत, आणि त्यांच्या जोडीला जेम्स टेह होते. तुमच्याकडे जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर असेल तरी हरकत नाही. खाली सांगितलेली बहुतेक बटणं एक्सेलची स्वतःची आहेत, ती कुठल्याही स्क्रीन रीडरबरोबर चालतात. जी फक्त एनव्हीडीएची आहेत त्यांच्या नावातच 'एनव्हीडीए' येईल.

हे 'एनव्हीडीए बटण' म्हणजे इन्सर्ट. पण आजकालच्या कित्येक लॅपटॉपवर इन्सर्ट धड सापडत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जी स्वागताची खिडकी येते तिच्यात कॅप्स लॉकला एनव्हीडीए बटण करायचा पर्याय असतो, तो निवडा. मग कॅप्स लॉकचं मूळ काम हवं असेल तेव्हा ते पटापट दोनदा दाबायचं.

पहिल्या दिवशी वहिनींना एक्सेल उघडूच दिलं नाही. एनव्हीडीए + १ दाबायला सांगितलं. याने सराव सुरू होतो: कुठलंही बटण दाबा, तो फक्त नाव सांगतो, काम काहीच होत नाही. परत एनव्हीडीए + १ दाबलं की सराव बंद. अर्धा तास त्यांनी नुसते होम, एंड, पेज अप, पेज डाउन, एफ२ शोधले. तुमच्या लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर एफएन धरून एफ२ दाबावं लागेल. होम-एंडही बऱ्याच ठिकाणी एफएन आणि डाव्या-उजव्या बाणावर असतात. हे आधी शोधून ठेवा, नाहीतर पुढे चूक तुमची की लॅपटॉपची, हेच कळणार नाही.

आणि एक बटण सोन्यासारखं: नुसतं कंट्रोल. ते दाबलं की बडबड थांबते. वहिनी म्हणाल्या, "हे बटण माणसांना नसतं का भाऊ?"

शीट म्हणजे काय, हे बोटांनी

आडव्या ओळी आणि उभे कॉलम, असं तोंडाने सांगून काही पोचत नाही. मी वहिनींचाच आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मागवला. सात वारांच्या सात ओळी, आणि प्रत्येक ओळीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन कप्पे. "मंगळवार दुपार" म्हटलं की त्यांचं बोट बरोबर एका कप्प्यावर जातं. तो कप्पा म्हणजे सेल. एक्सेलमध्ये वारांच्या जागी १, २, ३ असे आकडे आहेत आणि सकाळ-दुपार-रात्रीच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं. मंगळवार दुपारच्या जागी 'बी२'. डबा फक्त अवाढव्य आहे: १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. तुमची वर्गणी त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मावते, बाकीचा मुलुख ओसाड.

पत्त्यावरून वस्तू सापडण्याचं कौतुक बडोद्याला जुनं आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयं उभी करायला बोलावून घेतलं, आणि त्यांनी इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची पद्धत बसवली. पुस्तक कुठल्या रंगाचं आहे ते आठवावं लागत नाही, क्रमांक कळला की झालं. आपल्याला एक्सेल इतर कागदपत्रांपेक्षा सोपं जातं ते याच कारणाने. पानभर मजकुरात आपण कुठे आहोत ते चाचपडावं लागतं. इथे प्रत्येक पावलाला पत्ता बोलला जातो.

एनव्हीडीए सेलमध्ये काय आहे ते आधी सांगतो, पत्ता नंतर: "२५१, सी५". सेल रिकामा असेल तर नुसता पत्ता येतो. नवशिक्यांना वाटतं काहीतरी ऐकायचं राहिलं. राहिलेलं नसतं, तिथे काही नसतंच. एक अपवाद आहे. शीटमध्ये देवनागरी मजकूर असेल आणि तुम्ही इंग्रजी आवाज निवडला असेल, तर काही आवाज त्या मजकुरावर गप्प बसतात. सेल भरलेला असतो आणि तुम्हाला रिकामा वाटतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे, थोडी यंत्रासारखी, पण प्रामाणिक. विंडोजचे हिंदी आवाज, हेमंत आणि कल्पना, देवनागरी वाचतात, फक्त मराठी नावांना हिंदी वळण देतात. कंट्रोल + एनव्हीडीए + एस ने बोलणारं इंजिन, म्हणजे सिंथेसायझर, बदलायची खिडकी उघडते.

दुसऱ्याच्या शीटमध्ये शिरताना

विंडोज बटण दाबा, 'एक्सेल' इंग्रजीत टाइप करा, एंटर. सुरुवातीच्या पडद्यावर एस्केप दाबलं की कोरी शीट मिळते. पण शिकायला कोरी शीट वाईट, तिच्यात ऐकायला काही नसतं. मी वहिनींना मागच्या वर्षीच्या वर्गणीची प्रत दिली. मूळ फाइल नव्हे, प्रत. शिकणाऱ्याच्या हाती मूळ फाइल देऊ नये, आणि स्वतः शिकत असाल तर स्वतःच्याही.

नव्या घरात गेल्यावर आपण आधी भिंती शोधतो, तसंच करायचं. एनव्हीडीए + टी ने फाइलचं नाव ऐका. कंट्रोल + होम ने ए१ वर या. मग कंट्रोल + एंड. हे वापरात असलेल्या भागाचा शेवटचा कोपरा सांगतं. "एफ३९" ऐकलं की कळलं: सहा कॉलम, एकोणचाळीस ओळी. कधीकधी हा कोपरा खरा डेटा संपल्यावरही पुढे निघतो, कारण कोणीतरी तिथे कधी काही लिहून पुसलेलं असतं. म्हणून त्याला अंदाज समजा, साक्षीदार नव्हे. शेवटी कंट्रोल + पेज डाउन ने बाकी शीट आहेत का ते पाहा, कंट्रोल + पेज अप ने परत या.

आता पहिल्या ओळीवरून उजवा बाण मारत जा आणि मथळे मोठ्याने म्हणा. पावती, नाव, रक्कम, रोख की यूपीआय, तारीख, फोन. डोळस माणूस हे एका नजरेत उचलतो, आपण सहा टिचक्यांत. फरक एवढाच.

हिंडायची बटणं:

- चारही बाण: एकेक सेल.
- होम: त्याच ओळीच्या पहिल्या कॉलमवर.
- कंट्रोल + बाण: त्या दिशेला भरलेला भाग संपतो तिथपर्यंत उडी.
- एफ५: पत्ता टाइप करून थेट जायला. 'सी२०', एंटर, पोचलात.
- कंट्रोल + एफ: शोधायला. मजकूर टाइप करून एंटर, मग एस्केप दाबलं की तुम्ही त्या सेलवर उभे.

कंट्रोल + खाली बाण हे बटण जपून. वहिनींनी ते पहिल्यांदा दाबलं ते रिकाम्या जी कॉलमवर उभं राहून. एनव्हीडीए शांतपणे म्हणाला, "जी १०४८५७६". त्या इतक्या दचकल्या की लॅपटॉप मांडीवरून घसरला. काही बिघडलेलं नव्हतं. खाली अडवायला काही नव्हतं म्हणून त्या थेट तळाला गेल्या. कंट्रोल + होम, आणि परत दारात. उजवीकडे असंच झालं तर "एक्सएफडी" ऐकू येतं, ती पूर्वेची भिंत.

उलट, मध्ये रिकामा सेल असेल तर उडी त्याच्या आधीच थांबते. "बी१७ ला यादी संपली" असं समजून तुम्ही अर्धीच यादी वाचाल. म्हणून थांबल्यावर आणखी एकदा कंट्रोल + खाली मारून पाहायचं. लाखांतला आकडा आला तर यादी खरंच संपली, वर परत या. बी१९ आलं तर मध्ये नुसतं भोक होतं.

इथे एक तक्रार नोंदवतो. दिसणारे लोक पहिल्या ओळीत सहा सेल एकत्र करून त्यात मंडळाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितात, मग दोन ओळी शोभेला सोडतात, आणि मथळे चौथ्या ओळीत. वर 'ज्यांची वर्गणी बाकी ते गुलाबी' असं फक्त रंगात सांगतात. रंग ऐकता येतो. एनव्हीडीए + एफ ने सेलचं रूप सांगितलं जातं. पण अडतीस सेलवर ते कोण करत बसणार? "काका, रंग ठेवा, पण शेजारी 'बाकी' असा एक कॉलम करा," एवढं सांगितलं की लोक ऐकतात. मंडळाचं नाव फाइलच्या नावात पुरतं.

मथळे कानात बसवा

शीट मोठी झाली की "२५१, सी५" ऐकून सी म्हणजे काय ते आठवावं लागतं. पहिल्या ओळीतल्या पहिल्या मथळ्यावर, म्हणजे ए१ वर, उभे राहून एनव्हीडीए + शिफ्ट + सी एकदा दाबा. आता डावी-उजवीकडे सरकताना तो स्वतःच "रक्कम, २५१, सी५" म्हणेल. ओळींसाठी, म्हणजे प्रत्येक ओळीआधी नाव ऐकायचं असेल तर, नावांच्या कॉलममध्ये एनव्हीडीए + शिफ्ट + आर. नको असेल तर तेच बटण पटकन दोनदा. ही खूण फाइलमध्येच साठते, त्यामुळे कंट्रोल + एस विसरू नका. शिकणाऱ्यांतले निम्मे हे वगळतात आणि मग "एक्सेल लक्षात राहत नाही" म्हणतात.

लिहिणं, आणि लिहिलेलं विचारणं

सेलवर उभे राहून टाइप करायला लागलात की जुनं जातं आणि नवं बसतं. एंटर दाबलं की खाली जाता, टॅब दाबलं की उजवीकडे. एक ओळ टॅबने भरत गेलात आणि शेवटी एंटर मारलं तर पुढच्या ओळीच्या त्याच कॉलममध्ये उतरता जिथून सुरुवात केली होती. पावत्या भरताना हे फार सोयीचं: पावती, टॅब, नाव, टॅब, रक्कम, टॅब, तऱ्हा, टॅब, तारीख, टॅब, फोन, एंटर.

आजच्या तारखेसाठी कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण एकत्र. हाताने तारीख टाकत असाल तर विंडोजमध्ये प्रदेश भारत निवडलेला आहे ना, ते कोणाकडून एकदा पाहून घ्या. अमेरिका असेल तर ३/४ म्हणजे ३ एप्रिलच्या जागी ४ मार्च होतो, आणि ऐकताना ते चटकन लक्षात येत नाही. घर नंबर '१२/२' लिहायला गेलात तर एक्सेल त्याचीही तारीख करतं. असं काही लिहिण्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करा, मग ते जसं आहे तसं राहतं. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांनाही हाच उपाय, नाहीतर पुढचं शून्य गळतं. आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाका, नावं मराठीत ठेवा हवी तर. विंडोज + स्पेसने की-बोर्डची भाषा बदलते.

आता मुख्य गोष्ट. डोळस माणूस टाइप करताना पाहत असतो, त्याला तपासणी फुकट मिळते. आपल्याला ती मागावी लागते. माझी एक फजिती सांगतो. मी इंग्रजीत 'मोरे' टाइप केलं आणि एंटर मारून पुढे गेलो. वर त्याच कॉलममध्ये 'मोरेश्वर' होतं. एक्सेलला वाटलं मला तेच लिहायचं आहे, त्याने उरलेली अक्षरं स्वतःच जोडली. मोरे आजोबांची पाचशे एक रुपयांची पावती मोरेश्वरच्या नावावर लागली आणि आजोबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ही मदत बंद करता येते: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ऑटोकंप्लीटची खूण काढायची. बंद करायची नसेल तर एंटरच्या आधी एकदा डिलीट दाबा, जोडलेली अक्षरं जातात.

पण खरा उपाय सवयीचा आहे. वहिनींना मी तालावर शिकवलं: एंटर, वर, ऐक, खाली. म्हणजे लिहिल्यावर एकदा वर जाऊन काय बसलं ते ऐकायचं आणि मग पुढे. स्पेलिंगची शंका असेल तर एनव्हीडीए + टॅब दोनदा, तो अक्षर अक्षर सुटं करून सांगतो. फोन नंबरसाठीही हेच, कारण सरळ वाचताना तो मोबाइल नंबरचे कोटी-लाख करून टाकतो. टाइप करताना प्रत्येक अक्षर ऐकायचं असेल तर एनव्हीडीए + २. सुरुवातीला चालू ठेवा. हात बसला की कटकट वाटेल, तेव्हा बंद करा.

थोडंसंच बदलायचं असेल तर

नावात एकच अक्षर चुकलं म्हणून पूर्ण नाव परत लिहायला नको. एफ२ दाबा. आता तुम्ही सेलच्या आत आहात. डावा-उजवा बाण अक्षरांवरून फिरतो, बॅकस्पेसने खोडा, लिहा, एंटर.

गोंधळ इथे होतो. एफ२ न दाबता नुसतं टाइप करायला लागलात आणि मध्येच डावा बाण दाबलात, तर एक्सेल तेवढंच लिहून शेजारच्या सेलवर निघून जातं. तुम्हाला वाटतं तुम्ही आत आहात, असता शेजारी, आणि पुढची अक्षरं शेजाऱ्याच्या डोक्यावर पडतात. बाण दाबल्यावर अक्षर ऐकू आलं तर तुम्ही आत, पत्ता ऐकू आला तर बाहेर. एवढं कान लावून ऐका.

मध्येच घाबरलात तर एस्केप. काहीही न बदलता बाहेर. एंटर मारून झालं असेल तर कंट्रोल + झेड, एकेक पाऊल मागे. वहिनींची "सगळं पुसलं गेलं तर?" ही भीती मी बोलून नाही घालवली. त्यांच्याकडून मुद्दाम कंट्रोल + ए दाबून घेतलं, डिलीट दाबायला लावलं, सगळीकडे नुसते पत्ते ऐकवले, आणि मग कंट्रोल + झेड. पहिलं नाव परत ऐकू आल्यावर त्यांनी हे आणखी तीनदा केलं, निव्वळ मजा म्हणून.

कधी अक्षरं टाइपच होईनाशी झाली तर चुकून एनव्हीडीए + स्पेस दाबलं गेलं असण्याची शक्यता मोठी. तेच परत दाबा.

नवी ओळ घालायची असेल तर त्या ओळीवर शिफ्ट + स्पेस. "ए५ ते एक्सएफडी५" असं काहीसं ऐकू येईल, म्हणजे पूर्ण ओळ निवडली गेली. मग कंट्रोल + अधिक, नवी ओळ वर येते. कंट्रोल + उणे ने ओळ जाते. उभ्या कॉलमसाठी शिफ्टऐवजी कंट्रोल + स्पेस, बाकी तेच. काही सेलच निवडायचे तर शिफ्ट धरून बाण. कॉपी-पेस्ट तुम्हाला येतच असेल, इथेही तेच कंट्रोल + सी आणि व्ही.

बेरीज, आणि ८५३ रुपये

बेरजेसाठी रिकाम्या सेलवर बरोबरचं चिन्ह, मग इंग्रजीत एस-यू-एम, कंस सुरू, सी२, अपूर्णविराम म्हणजे कोलन, सी३९, कंस पुरा, एंटर. वर जाऊन ऐका: एकूण रक्कम, आणि त्यासोबत इथे सूत्र आहे अशी इंग्रजीत सूचना. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं तर एक्सेल स्वतः सूत्र मांडतं, पण मध्ये रिकामा सेल असेल तर ते तिथेच थांबू शकतं. मी हातानेच लिहितो. सूत्र तपासायला एफ२, ऐका, एस्केप.

सूत्र न लिहिताही बेरीज कळते. सी२ ते सी३९ निवडा आणि खालची पट्टी वाचायला एनव्हीडीए + एंड दाबा. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये बटणांची लॅपटॉप मांडणी निवडली असेल तर एनव्हीडीए + शिफ्ट + एंड. सरासरी, किती सेल भरले आहेत, आणि बेरीज ऐकू येते.

आता ती गोष्ट. एका वर्षी पेटीतली रोकड आणि यूपीआय मिळून शीटपेक्षा ८५३ रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर वेगळाच तमाशा, पण जास्त म्हणजेही हिशेब चूकच. मी सगळी यादी दोनदा ऐकली, सगळे आकडे जागेवर. मग बाजूच्या सेलमध्ये दोन सूत्रं लिहिली. एक सी-ओ-यू-एन-टी, जे फक्त खरे आकडे मोजतं. दुसरं तेच, शेवटी एक ए जोडून, जे भरलेला कुठलाही सेल मोजतं. दोन्हीला सी२ ते सी३९ दिलं. पहिलं म्हणालं ३५, दुसरं म्हणालं ३८. म्हणजे तीन सेल भरलेले होते, पण एक्सेलच्या लेखी ते आकडे नव्हते.

माझ्या गैरहजेरीत पुतण्याने तीन पावत्या भरल्या होत्या, आपल्या वळणदार पद्धतीने: ५०१/-, २५१/-, १०१/-. कागदावर हे शोभतं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत न सांगता वगळतं. स्क्रीन रीडरने ती तिरपी रेघ आणि उणे चिन्ह एकतर पुटपुटली असतील किंवा विरामचिन्हांची पातळी कमी ठेवल्यामुळे गिळली असतील, मला आकडाच ऐकू आला. पाहणाऱ्यालाही सहज कळलं नसतं. मजकूर सेलमध्ये डावीकडे बसतो आणि आकडा उजवीकडे, एवढीच काय ती खूण. कंट्रोल + एच ने '/-' शोधून त्या जागी काहीच नाही असं बदललं, दोन्ही मोजण्या ३८ झाल्या, आणि बेरीज पेटीशी जुळली. 'रु.' लिहिलं तरी असंच होतं. तेव्हापासून हिशेब फळ्यावर लावण्याआधी मी दोन मोजण्या घेतोच.

क्रम आणि गाळणी

नावाप्रमाणे क्रम लावायचा तर नावाच्या कॉलममधल्या कुठल्याही एका सेलवर उभे राहा, आणि ऑल्ट, ए, एस, ए एकामागून एक दाबा, धरून नाही. पूर्ण कॉलम निवडून हे करू नका. नावं हलतील आणि रकमा जागेवर राहतील असा अनर्थ होऊ शकतो. एक्सेल आधी विचारतं, पण ती खिडकी घाईत न ऐकताच उडवणारे मी पाहिले आहेत.

फक्त 'बाकी' असलेले ऐकायचे तर कंट्रोल + शिफ्ट + एल ने गाळणी चालू करा, त्या मथळ्यावर जाऊन ऑल्ट + खाली बाण, मग ई दाबून शोधायच्या जागेत 'बाकी' टाइप करा, एंटर. गाळणी लागली हे कानाला ओळींच्या आकड्यांवरून कळतं: २ नंतर ७, मग १५. ओळी गेलेल्या नसतात, लपलेल्या असतात. काम झालं की तेच बटण परत दाबून गाळणी काढा. मी एकदा विसरलो, आणि खजिनदारांना वाटलं यंदा फक्त नऊ घरांनी वर्गणी दिली.

दिसणाऱ्यांच्या हाती देताना

त्यांच्या पडद्यावर कॉलम अरुंद असला तर रकमेच्या जागी नुसत्या जाळ्या, म्हणजे हॅशची चिन्हं, दिसतात, आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून कंट्रोल + ए, मग ऑल्ट, एच, ओ, आय एकामागून एक; कॉलम मजकुराएवढे रुंद होतात. कंट्रोल + होम दाबून मग कंट्रोल + एस करा, म्हणजे फाइल उघडणारा वरूनच सुरुवात करेल. आणि देण्याआधी एफ१२ ने वेगळ्या नावाची एक प्रत स्वतःकडे.

वहिनींनी चौथ्या संध्याकाळी बारा पावत्या एकट्याने भरल्या. अकराव्या पावतीवर त्या थांबल्या, वर गेल्या, ऐकलं, एनव्हीडीए + टॅब दोनदा दाबलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कागदावर हजार एक आहे आणि मी एकशे एक टाकलं." एफ२, एक शून्य, एंटर, वर, ऐक, खाली. मग बारावी.